खंजिरीवरची वारी : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज



दिंडीच्या शंभर वर्षांच्या या अंकात आपल्या विणेकऱ्यांच्या, पखवाज्यांच्या, चोपदारांच्या आणि वाटेवरच्या अन्नदात्यांच्या आठवणी आल्या आहेत. ज्ञानोबा-तुकोबांपासून चोखोबा-जनाबाईंपर्यंत संतांची चरित्रंही आहेत. त्यांच्या जोडीला तुकडोजी महाराजांचं चरित्र का, असं काही जुन्या मंडळींनी विचारलं. विचारणं रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच बोलू.

वारकऱ्याच्या भजनाला शिस्त असते. चालताना काय म्हणायचं, मुक्कामाला काय म्हणायचं, काकड्याला कोणते अभंग, गौळणी कधी, हरिपाठ कधी, वारांचे अभंग कधी, हे सारं ठरलेलं. ज्यांच्या अभंगाखाली संतांची नाममुद्रा आहे त्यांनाच तिथं जागा. तुकडोजी महाराज तर परवा-परवाचे, १९६८ साली देह ठेवलेले. कोणत्या फडाचे ते नव्हते. हातात वीणा नाही, खंजिरी. निम्मी भजनं हिंदीत. मग ते आपले कसे?

आमचं उत्तर असं की त्यांचं गाणं ज्या वाटेनं गेलं ती वाट नीट पाहिली म्हणजे ते आपले कसे हे आपोआप कळतं. म्हणून इथं त्यांच्या चमत्कारांच्या गोष्टी सांगत नाही. त्या घरोघरी माहीत आहेत. एका गरीब घरचं लेकरू स्वतःची गाणी स्वतः रचून, स्वतःच गाऊन साऱ्या देशात कसं पोचलं, आणि शेवटी ती गाणी त्यानं गावाच्या हवाली कशी केली, तेवढंच सांगतो.

यावलीचं घर

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा. गाव अमरावती जिल्ह्यातलं यावली. पाळण्यातलं नाव माणिक. वडील बंडोजी, आई मंजुळा. आडनाव इंगळे, घराणं ब्रह्मभटांचं. भाट मंडळींचा पिढीजात धंदा कवनं म्हणण्याचा, कुळांच्या कथा सांगण्याचा. राजे-रजवाडे गेले, तसा तो धंदाही बसला. बंडोजी शिवणकाम करून घर चालवत. घरात दाण्यापाण्याची ओढाताण होती, पण शब्दाला शब्द कसा जुळतो, कवन कसं उचलायचं, कुठं थांबायचं, हे त्या घरातल्या पोराला वेगळं शिकवावं लागलं नसेल असं आम्हाला वाटतं. ज्या घरी सुतारकाम चालतं तिथलं पोरगं रंध्याशी खेळत मोठं होतं, तसंच हे.

शाळा जेमतेम तिसरीपर्यंत झाली. माणिकचं मन पाटी-पेन्सिलीपेक्षा देवळातल्या भजनात जास्त रमायचं. वऱ्हाडातल्या गावांत तेव्हा करमणूक म्हणजे काय, तर रात्रीचं भजन, सप्ताह, गोंधळ, पहाटे येणारा वासुदेव आणि वर्षाकाठी एखादी जत्रा. पेटी-तबला फार थोड्या ठिकाणी. बाकी सगळं गळ्यावर आणि टाळीवर. पुढं महाराजांच्या भजनांत जे सोपेपण दिसतं ते इथून आलं. हजार माणसांच्या सभेत गातानाही ते देवळाच्या पायरीवर बसून गावकऱ्यांपुढं गातात असं वाटायचं.

वरखेडचे आडकोजी

माणिकचा बराच काळ आजोळी, तिवसा तालुक्यातल्या वरखेडला गेला. तिथं आडकोजी महाराज होते, अवलिया वृत्तीचे. लहानग्या माणिकनं त्यांनाच गुरू मानलं. त्यांच्यापुढं बसून तो भजनं म्हणायचा. ती भजनं होती आपल्याच संतांची, म्हंजे तुकोबा-नामदेवांची. तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी त्यांचं नाव येतं, तसं तुझ्या भजनात तुझं नाव येऊ दे, असं गुरूंनी त्याला सुचवलं आणि नाव दिलं तुकड्या, अशी कथा आहे. भिकेच्या भाकरीचा तुकडा, तसा हा तुकड्या. माणिकचे तुकडोजी झाले ते असे.

ही गोष्ट आपण नेहमी नावाची गोष्ट म्हणून सांगतो. आम्हाला त्यात गाण्याची गोष्ट दिसते. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव घालणं ही संतांची रीत. त्या नावानं कवी पुढं येऊन जबाबदारी घेतो, की वर जे बोललो ते माझं बोलणं आहे, पडताळून पाहा. दहा-बारा वर्षांच्या पोराला गुरूनं ही जबाबदारी दिली. दुसऱ्याची भजनं म्हणणारा तो मुलगा त्या दिवसापासून स्वतःची भजनं रचणारा झाला. आणि नाव असं मिळालं की त्याचा अहंकार धरताच येऊ नये. पुढं देशभर कीर्ती झाली, तरी प्रत्येक भजनाच्या शेवटी ते स्वतःला तुकडाच म्हणवत राहिले. कुठं तुकड्या, कुठं तुकड्यादास.

१९२१ साली आडकोजी महाराजांनी देह ठेवला. माणिक तेव्हा बारा वर्षांचा. गुरूचं छत्र गेलं, पण नाव मागं राहिलं होतं.

रान आणि खंजिरी

त्यानंतरची वर्षं रानातली. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा असे ते भटकत राहिले. रामदिघी आणि गोंदोडा म्हणजे चिमूरकडचं दाट जंगल. साधना, उपवास, एकांत, आणि सोबतीला गाणं. आपली दिंडी पहिल्यांदा पंढरीला निघाली त्या सुमारास हा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा त्या रानात एकटाच गात हिंडत होता.

त्याच्या हातात खंजिरी होती. नव्या पोरांनी खंजिरी पाहिली नसेल तर सांगतो. लाकडाचं लहानसं कडं, एका बाजूनं चामडं मढवलेलं, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. एका हातानं धरायची, दुसऱ्या हातानं वाजवायची. चामड्यावर थाप पडली की ताल मिळतो आणि चकत्यांचा झणकार टाळाचं काम करतो. म्हंजे एका मूठभर वाद्यात पखवाज आणि टाळ दोन्ही.

या वाद्यानं महाराजांच्या गाण्याला स्वातंत्र्य दिलं. पेटीवाला आणि तबलजी लागणाऱ्या गायकाला बैठक लागते, गाडी लागते, बिदागी ठरवणारा यजमान लागतो. खंजिरीवाल्याला काही लागत नाही. काखेत वाद्य मारायचं, पायी निघायचं, पाराखाली बसायचं आणि सुरू करायचं. कोणाच्या दरबाराचे, नाटक कंपनीचे किंवा घराण्याचे न होता महाराज गाऊ शकले, त्यात या वाद्याचा वाटा मोठा आहे. त्यांनी खंजिरीवर इतका हात बसवला की लोक नुसतं तिचं वादन ऐकायलाही येत. तरी भजनात ती शब्दाच्या पुढं जात नसे. शब्द ऐकू आला पाहिजे, मग ताल. टाळकऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

खंजिरी आधीही गावोगाव होतीच. महाराजांमुळं तिला मान आला. नंतर विदर्भात खंजिरी भजनाची परंपराच उभी राहिली, स्पर्धा होऊ लागल्या, आणि सत्यपाल महाराजांसारख्यांनी तर सात खंजिऱ्या पुढ्यात मांडून प्रबोधन केलं.

भजन घडायचं कसं

महाराजांचं भजन तीन-चार कडव्यांचं. पहिली ओळ आखूड, एकदा ऐकली की पाठ व्हावी अशी. मागच्या मंडळींनी ती धरायची आणि मग सगळ्या सभेनं. कडव्यांत एकच गोष्ट, उदाहरणं शेतातली, घरातली, बाजारातली. शेवटी मुद्रा. रचनेचा हा सांगाडा आपल्या अभंगाचाच आहे. चाली मात्र त्यांनी मोकळ्या मनानं घेतल्या. लोकांच्या ओठी जी चाल असेल ती उचलायची आणि तिच्यात आपले शब्द भरायचे. त्यांच्या छापील भजनावल्यांत भजनावर चाल किंवा तर्ज लिहिलेली दिसते ती यासाठी. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याला गाणं शिकावं लागत नाही, तो लगेच सोबत गाऊ लागतो. अशी हजारोंच्या घरात भजनं त्यांनी रचली.

हिंदीचं काय, हाही प्रश्न येतो. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, राजधानी नागपूर. पलीकडं बैतूल, छिंदवाडा, रायपूर. बाजारात, रेल्वेत, कचेरीत मराठीइतकीच हिंदी चालायची. नामदेवांनी पंजाबात जाऊन तिथल्या लोकांना समजेल अशी पदं रचली, त्याचा वारकऱ्याला अभिमान वाटतो. महाराजांनी तेच केलं. शुद्ध-अशुद्धाची भीड न बाळगता माणसाला कळेल त्या भाषेत गायले.

सुरुवातीच्या भजनांत विषय आहेत गुरुभक्ती, वैराग्य आणि देवाची ओढ. रानातल्या एकट्या साधकाची ती गाणी. पण हळूहळू त्यांत माणसं येऊ लागली. कर्जानं वाकलेला कुणबी आला, अस्पृश्य म्हणून वेशीबाहेर ठेवलेला बंधू आला, दारूत बुडालेला बाप आणि हुंड्यापायी खचलेलं घर आलं. देवळात दिवा आहे आणि शेजारच्या घरात अंधार आहे, हे त्यांच्या भजनात वारंवार दिसतं. त्यांचं झोपडीवरचं भजन तर आपल्या जिल्ह्यात न येणारं माणूस सापडायचं नाही. गरिबाच्या झोपडीतलं समाधान महालापेक्षा मोठं असं ते सांगतं, आणि झोपडीतला माणूस ते मान वर करून म्हणतो.

रानातून लोकांत

१९३५ साली सालबर्डीला मोठा यज्ञ झाला. लाखांवर माणूस जमलं. रानातला साधू आता एवढ्या लोकांना एका जागी आणू शकतो हे साऱ्या प्रांतानं पाहिलं. त्याच सुमारास अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. भटक्या गायकाला ठिकाण मिळालं, पण पाय काही थांबले नाहीत.

१९३६ च्या पावसाळ्यात गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला गेले आणि महिनाभर राहिले. गांधीजी स्वतःच त्या वर्षी तिथं राहायला आले होते. तिथल्या प्रार्थनेत महाराजांची भजनं झाली. हा महिना त्यांच्या गाण्यातलं वळण आहे. खादी, सफाई, ग्रामोद्योग, अस्पृश्यता निवारण या गोष्टी आधीही त्यांच्या मनात होत्या. आता भजनात त्या ठळक झाल्या. फरक एवढाच, की भाषण ऐकून माणूस घरी जातो आणि विसरतो, भजन मात्र दुसऱ्या दिवशी निंदणाच्या पातीवर बाया म्हणतात. महाराजांनी हे ओळखलं होतं.

बेचाळीसचं साल

१९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना आणि साऱ्या पुढाऱ्यांना पकडल्यावर देश पेटला. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी इथं उठाव झाला. गोळीबार झाला, माणसं मेली, सरकारी अधिकारी मारले गेले, आणि मग फौज येऊन चिमूरवर जे अत्याचार झाले ते अजून तिथले लोक विसरले नाहीत. या भागात महाराजांची भजनं वर्षानुवर्षं घुमत होती. गुलामीची चीड आणणारी त्यांची गाणी पोरासोरांच्या तोंडी होती. सरकारला हे ठाऊक होतं. ऑगस्ट संपायच्या आत महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवून डिसेंबरमध्ये त्यांना सोडलं.

विचार करा मायबाप, या माणसाकडं बंदूक नव्हती, छापखाना नव्हता, पक्ष नव्हता. तरी एवढ्या मोठ्या साम्राज्याला त्यांना कोंडावं लागलं. गाणं म्हणजे वेळ घालवायची गोष्ट नाही, याचा दुसरा पुरावा कशाला पाहिजे?

पण आम्हाला त्याच्या पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी आपलं सगळं लक्ष संघटनेवर वळवलं. एकटा गायक पकडला गेला की गाणं थांबतं. गाणं गावाचं झालं तर कोणाकोणाला पकडणार? १९४३ मध्ये श्रीगुरुदेव हे मासिक निघालं. गावोगाव श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा वाढल्या. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, आणि रामधून म्हणत गावाची सफाई, असा नेम ठरला. प्रार्थनेच्या जागी समोर आसन असतं, त्यावर मूर्ती नसते. ज्याला जो देव हवा तो त्यानं तिथं पाहावा. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध कोणीही बसावं. प्रार्थना ठरलेली, वेळ ठरलेली, चाल ठरलेली. जो माणूस स्वतः समोर बसला की सभा हलायची, त्यानं अशी रीत घालून दिली की तो नसला तरी सभेचं काही अडू नये.

वारीचीही गोष्ट हीच नाही का? माउलींच्या पालखीबरोबर लाखो लोक चालतात. त्यातला एकही माणूस असा नाही की तो नसला तर वारी अडेल. तुकोबा गेल्याला पावणेचारशे वर्षं झाली आणि गाथा अजून शेतकऱ्याच्या तोंडी आहे. गाणं रचणाऱ्याच्या हातून सुटून म्हणणाऱ्याचं होतं, तेव्हा ते वारकरी होतं. महाराजांचं गाणं या दिवसांत वारकरी झालं असं आम्ही म्हणतो.

चंद्रभागेचा काठ

१९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं. देऊळ खुलं झालं. चोखोबांना पायरीशी ठेवल्याचं दुःख वारकऱ्याच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या होतं, ते थोडं हलकं झालं. महाराजांचं गाणं या बाबतीत आधीपासून त्याच बाजूला होतं. शिवाशिवीवर त्यांनी जितकी भजनं रचली तितकी त्या काळात क्वचितच कोणी रचली असतील.

पुढं ग्रामगीता आली, १९५५ साली. एकेचाळीस अध्याय, ४६७५ ओव्या. तिचा आरंभच पंढरपुरात होतो. चंद्रभागेच्या काठी बसलेल्या महाराजांच्या मनात प्रश्न उभा राहतो, की देव पाहायला इतके लोक येतात, पण ज्या गावातून ते येतात त्या गावाचं काय? पुढचे सगळे अध्याय या प्रश्नाचं उत्तर आहेत. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, आरोग्य, श्रमाची किंमत, गरिबी-श्रीमंती, स्त्रियांची उन्नती, लग्नाचा वायफळ खर्च, सणोत्सव, यात्रा-मेळे, देवळाचा उपयोग. ग्रंथ अर्पण केला तो ग्रामदेवतेला.

इथं गाणाऱ्यानं छंद बदलला हे लक्षात घ्या. आयुष्यभर खंजिरीवर भजन म्हणणाऱ्यानं मोठं काम हाती घेतलं तेव्हा ओवी निवडली. ओवी ज्ञानेश्वरीची, आणि त्याआधी जात्यावरच्या बाईची. तिला वाद्य लागत नाही, सभा लागत नाही. एकट्यानं वाचता येते, चार जणांत वाचता येते. भजनानं माणूस जागा होतो, पण जागा झाल्यावर सकाळी उठून काय करायचं हे विस्तारानं सांगायला ओवीच पाहिजे. यात्रा-मेळ्यांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते तर दरेक दिंडीप्रमुखानं निघायच्या आधी वाचावं. यात्रेत घाण करून परत येणारा माणूस पुण्य घेऊन येतो का, असा त्याचा रोख आहे.

त्याच वर्षी, १९५५ मध्येच, ते जपानला जागतिक धर्म परिषदेला आणि शांतता परिषदेला गेले. यावलीच्या शिंपीकाम करणाऱ्याचा पोरगा, तिसरी शिकलेला, खंजिरी घेऊन समुद्रापलीकडं गेला. भाषा न कळणाऱ्या लोकांपुढंही ते गायले. भारत साधू समाज स्थापन झाला त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. राष्ट्रसंत हे नाव राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी दिलं असं सांगतात. विनोबांच्या भूदानासाठी ते गायले. १९६२ आणि १९६५ च्या लढायांच्या वेळी सीमेवर जाऊन जवानांपुढं गायले. यादी लांबवता येईल, पण आपलं काम त्यात नाही.

गाडगेबाबांचं नाव मात्र घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. दोघंही अमरावती जिल्ह्याचे. बाबा वयानं तेहतीस वर्षांनी मोठे. बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. महाराज ते उत्तर गाण्यात बांधून लोकांच्या पदरात टाकायचे. एकाच्या हाती खराटा, दुसऱ्याच्या हाती खंजिरी. पण झाडायचं होतं ते दोघांनाही एकच अंगण. २० डिसेंबर १९५६ ला बाबा गेले आणि वऱ्हाड निम्मा पोरका झाला.

अखेर

शेवटी महाराजांना कर्करोगानं गाठलं. अंगात दुखणं असतानाही लोकांना भेटणं सुटलं नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. वय एकोणसाठ. त्यांची समाधी तिथंच आहे. दरवर्षी पुण्यतिथीला लाखो लोक मोझरीला जमतात आणि दुपारचे ४ वाजून ५८ मिनिटं झाली की जो जिथं आहे तिथं स्तब्ध उभा राहतो. रस्त्यावरच्या गाड्या थांबतात. आयुष्यभर ज्यानं गाऊन लोकांना हलवलं, त्याला लोक मौनानं नमस्कार करतात.

मागं काय राहिलं? नागपूरच्या विद्यापीठाला २००५ साली त्यांचं नाव दिलं. टपाल तिकीटही निघालं. पण त्यांचं खरं स्मारक संध्याकाळी गावच्या प्रार्थनेला बसणारी पाच-पंचवीस माणसं, असं आम्ही मानतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अशी गावं आहेत. कुठं प्रार्थना रोज होते, कुठं फक्त पुण्यतिथीला, कुठं मंडळाची नुसती पाटी राहिली आहे. हेही खरं तेच लिहिलं पाहिजे.

आपल्या दिंडीला काय पाहिजे

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. आपल्या दिंडीत जुन्या मंडळींनी एक वाट काढून ठेवली होती. चालताना संतांचे अभंग, टाळ-पखवाज, ठरलेली मालिका, त्यात एका शब्दाचा बदल नाही. रात्री मुक्कामी हरिपाठ, कीर्तन आटोपल्यावर ज्याला गायचं त्यानं खंजिरी घ्यावी. महाराजांची भजनं तेव्हा व्हायची, अजून होतात. दोन्हींचा मान राहिला, भांडण झालं नाही.

अलीकडं भांडण वेगळंच आहे. ट्रॅक्टरवर भोंगे आले. डब्यातून निघणारं गाणं इतकं मोठं की शेजारच्या टाळकऱ्याला आपला टाळ ऐकू येत नाही. पोरं म्हणतात, लोकांना तेच आवडतं, महाराजांनीही लोकांच्या ओठची चालच घेतली होती ना? बरोबर आहे, घेतली होती. पण चाल घेतली ती लोकांनी तोंड उघडावं म्हणून. भोंग्यापुढं लोकांचं तोंड बंद होतं, माणूस नुसता ऐकणारा होतो. आणि चाल उसनी असली तरी शब्द महाराजांचे होते, त्याखाली त्यांचं नाव होतं, आणि त्या नावाची किंमत त्यांनी तुरुंगात मोजली होती.

म्हणून शंभराव्या वर्षी आमचं दिंडीकऱ्यांना सांगणं एवढंच. भोंगे खाली उतरवा आणि एक-दोन खंजिऱ्या विकत घ्या. आपल्या दिंडीत कापूस वेचून, मोलमजुरी करून येणारी पोरं-पोरी आहेत. काही जण वहीत गाणी लिहितात हे आम्हाला ठाऊक आहे. कोणी कर्जावर लिहितं, कोणी बापाच्या दारूवर, कोणी गावच्या दारूबंदीसाठी मोर्चा काढणाऱ्या बायांवर. त्यांना लाजवू नका. चालताना त्यांनी संतांचं म्हणावं, त्यानं गळा आणि मन तयार होतं. माणिकचं तसंच झालं होतं, आधी वर्षानुवर्षं तुकोबांचं म्हटलं आणि मग स्वतःचं रचलं. मुक्कामाला मात्र त्यांना वेळ द्या. गाणं कच्चं असेल तर वडीलधाऱ्यांनी सांगावं, पक्कं असेल तर सगळ्यांनी मागं धरावं. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालायला सांगा, म्हणजे आपण काय बोललो याची जबाबदारी कळेल.

पंढरीची वाट सगळ्यांची आहे. तिच्यावर कोणी वीणा घेऊन चाललं, कोणी तुळस डोक्यावर घेऊन, कोणी नुसती पताका. यावलीच्या माणिकनं खंजिरी घेतली. पुढच्या शंभर वर्षांत आपल्या दिंडीतून असा एखादा तुकडा निघाला, तर आज ज्यांनी टाळ खांद्यावर घेतले त्या सगळ्यांचं चालणं कारणी लागेल.

रामकृष्णहरी.